उघडी तार, अर्धे काम आणि आपली तब्येत

मार्च उजाडला की वऱ्हाडात घरोघरी कुलर बाहेर निघतात. ताट्या बदलल्या जातात, टाकी घासली जाते, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहिले जाते. पंप सुरू झाला नाही की घरातला एखादा हौशी माणूस टेस्टर आणि पेचकस घेऊन पुढे सरसावतो. प्रत्येक गल्लीत असा एक तरी 'घरचा इंजिनिअर' असतोच. पूर्वी तो रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बसायचा. आता तो बंद पडलेले एलईडी बल्ब दुरुस्त करतो, जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून पॉवर बँक बनवतो, छोटे सर्किट बोर्ड मागवून मोबाईलवरून शेतातली मोटर सुरू करायची खटपट करतो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात आहे. रिद्धपूर आणि आसपासच्या गावांतले रुग्ण पाहताना दर उन्हाळ्यात शॉक लागलेले, सोल्डरने भाजलेले, डोळ्यात तारेचा तुकडा गेलेले लोक माझ्याकडे येतात. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "हे काम पूर्ण झाले होते का?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "चालू तर झालं होतं डॉक्टरसाहेब, फक्त डबा बसवायचा राहिला होता."

हा 'फक्त'च घात करतो. सर्किट चालू झाले की आपल्याला काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात झाकण, टेप, अर्थिंग आणि तारेची पकड ही शेवटची कामे उरलेली असतात आणि माणसाचा जीव नेमका त्यांच्यावरच अवलंबून असतो.

एका घरातली गोष्ट

मागे एक आई आपल्या बारावी झालेल्या मुलाला आणि सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंच्या बोटांवर भाजल्याची खूण होती, कोपर सुजले होते आणि छातीत धडधड होत होती. मुलाने कुलर ठराविक वेळाने आपोआप बंद व्हावा म्हणून एक टायमर बनवला होता. टायमर उत्तम चालत होता. आठ दिवस त्यावर घरचा कुलरही चालला. मात्र बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात बसवायचा राहिला होता आणि तो कुलरच्या कडेला सुतळीने लटकत होता. आजी पाणी भरायला गेल्या आणि हात बोर्डाच्या मागच्या बाजूला लागला.

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याले समजावा. अख्ख्या खोलीत तारा पसरून ठेवल्या, न एकबी काम पुरं करत नाई."

आजींच्या पायात रबरी चप्पल होती आणि झटक्याने हात सुटला, म्हणून निभावले. आजींना ईसीजी काढायला पाठवले, तो सुदैवाने ठीक निघाला. मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला रागावलो नाही. पोराच्या हातात कसब होते. हवे होते ते फक्त काम पूर्ण करण्याचे वळण.

त्या बोर्डावर रिले नावाचा भाग असतो. त्याच्या एका बाजूला पाच व्होल्टची निरुपद्रवी वीज असते आणि दुसऱ्या बाजूला घरातली २३० व्होल्टची. दोन्हींमध्ये बोटभर अंतर असते. बोर्ड उलटा केला तर २३० व्होल्टचे सोल्डरचे टाके उघडे दिसतात. वरून पाहणाऱ्याला ते कळत नाहीत आणि आजींना ते कळावेत अशी अपेक्षाही चुकीची आहे.

शॉकने नेमके काय होते

आपल्या घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. शरीरातून किती वीज वाहते यावर इजा ठरते. ही वीज मिलिॲम्पिअरमध्ये मोजतात. एक मिलिॲम्पिअर म्हणजे ॲम्पिअरचा हजारावा भाग. एवढ्याने नुसत्या मुंग्या येतात. साधारण १० मिलिॲम्पिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. 'करंटने धरून ठेवले' असे लोक म्हणतात ते हेच. ३० मिलिॲम्पिअरच्या वर श्वासाला आणि हृदयाच्या तालाला धोका सुरू होतो. १०० मिलिॲम्पिअर काही क्षण वाहिले तर हृदय नुसते थरथरते, रक्त ढकलत नाही.

कोरडी कातडी विजेला चांगलाच अडथळा करते. ओली झाली की तो अडथळा हजार ओहमच्या आसपास घसरतो. आता हिशेब करा. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ ॲम्पिअर, अर्थात २३० मिलिॲम्पिअर. ओला हात, अनवाणी पाय, ओली फरशी आणि पत्र्याचा कुलर हे चौघे एकत्र आले की काय होते, ते आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो.

"आमच्या घरी एमसीबी आहे," असे बरेच लोक निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी तारेचे रक्षण करते. सहा ॲम्पिअरची एमसीबी सहा ॲम्पिअरपेक्षा जास्त वीज वाहिली तरच पडते आणि माणसाला मारायला त्याच्या कितीतरी लहान हिस्सा पुरतो. माणसाला वाचवणारे साधन म्हणजे आरसीसीबी. काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिॲम्पिअर वीज वाट चुकून जमिनीकडे जाऊ लागली की ते सेकंदाच्या छोट्याशा भागात पुरवठा तोडते. ज्या घरात कुलर, पाण्याची मोटर किंवा हौशी कारागीर आहे, त्या घरात ते वायरमनकडून बसवून घ्यावे. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कुलरला तीन पिनांचाच प्लग हवा आणि तिसऱ्या पिनेची तार पत्र्याच्या अंगाला पक्की जोडलेली हवी. पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जोडणी उलटी असेल तर बटण बंद असूनही आत फेज राहतो.

एलईडी बल्ब आणि इतर फसवी कामे

बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून एक खराब दाणा बदलला की तो पुन्हा लागतो. हे काम गावोगाव चालते. मात्र स्वस्त बल्बमधला ड्रायव्हर घरातल्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. त्यामुळे बल्बच्या पट्टीवरच्या प्रत्येक टाक्याला २३० व्होल्टच्या लाइनशी थेट नाते असते. झाकण काढून, पेटता बल्ब हातात धरून तपासू नये. हीच गोष्ट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त पुरवठ्याची. मीटरवर पाच व्होल्ट दिसतात, पण ती तार जमिनीवर उभ्या माणसाला २३० व्होल्टसारखी वागवू शकते.

मायक्रोवेव्ह ओव्हन, इन्व्हर्टर आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हौसेखातर कधीही उघडू नये. त्यांच्या कपॅसिटरमध्ये किंवा ट्यूबमध्ये प्लग काढल्यानंतरही वीज साठून राहते. मायक्रोवेव्हमध्ये तर ती हजारो व्होल्टची असते.

सोल्डरचा धूर आणि शिसे

सोल्डरमध्ये कथील आणि शिसे असते. नेहमीचे ६०-४० चे सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते आणि इस्त्रीचे टोक ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापलेले असते. अनेकांना वाटते की धुरातून शिसे छातीत जाते. एवढ्या उष्णतेला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो पांढरा धूर मुख्यतः राळेचा, म्हणजे फ्लक्सचा असतो. दम्याला तो चांगलाच निमंत्रण देतो. सोल्डरिंग करताना खोकला किंवा छातीत घरघर होत असेल, तर ती सर्दी समजून सोडू नये. खिडकीजवळ बसावे, लहान पंख्याने धूर चेहऱ्यापासून दूर जाऊ द्यावा आणि वाकून धुरात तोंड घालू नये.

शिसे शरीरात जाते ते हातांवाटे. सोल्डर धरलेल्या हाताने चिवडा खाल्ला, विडी ओढली, सोल्डरची तार दातात धरली की ते पोटात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भालाही घातक असते. म्हणून जेवणाच्या ओट्यावर किंवा पोळपाटावर सोल्डरिंग नको. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, खाली सांडलेले थेंब ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत. तारेची टोके कापताना तुकडा उडतो, म्हणून साधा का होईना चष्मा लावावा.

बटण सेल: घरातला सर्वात लहान धोका

अर्धवट कामांच्या डब्यात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे बटणासारखा गोल चपटा सेल. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते. तिथे दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत अन्ननलिकेला खोल भाजते. मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळते किंवा जेवत नाही, इतकेच दिसते.

मुलाने असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक न्यावे. उलटी करवू नये, केळी किंवा भात खाऊ घालू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि मूल नीट गिळू शकत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे दाह थोडा कमी होतो, पण मध चाटवण्यासाठी निघायला उशीर करू नये.

जुने लिथियमचे सेल फुगलेले असतील तर त्यांचा मोह सोडावा. संरक्षक सर्किट नसताना ते जोडून उशाशी चार्जिंगला लावणे म्हणजे उशाशी शेगडी ठेवण्यासारखे आहे.

कामे अर्धी का राहतात?

आता मनाकडे वळू. ज्यांच्या घरात पाच-सहा कामे उघडी पडलेली असतात, अशी माणसे माझ्याकडे वेगळ्याच तक्रारी घेऊन येतात. झोप लागत नाही, डोके जड असते, घरात चिडचिड होते. नोकरी-शेती सांभाळून रात्री बारापर्यंत टेबलावर वाकून बसायचे, एक काम अडले की दुसरे उघडायचे, आणि पसाऱ्यावरून घरच्यांची बोलणी खायची. हौस विरंगुळ्यासाठी असते, इथे ती ओझे होते.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध केले. लोकांना छोटी छोटी कामे देऊन त्यातली काही मध्येच थांबवली, तेव्हा पूर्ण कामांपेक्षा अर्धी राहिलेली कामेच लोकांच्या अधिक लक्षात राहिली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक तितका ठळक दिसला नाही, पण अर्धे काम डोक्यात घोळत राहते हा अनुभव आपल्या सर्वांना आहे. २०११ साली मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यात एक दिलासा देणारी भर घातली. उरलेले काम कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला, तर ते काम पूर्ण होण्याआधीच मनाची टोचणी बरीच कमी होते. म्हणजे कागदावर लिहिलेला बेत हेसुद्धा एक औषधच झाले.

काम पूर्ण करण्याचे वळण कसे लागते, याचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाची पीएच.डी. केली, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केले आणि १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे हाताने काम करून शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. डॉ. कलबाग २००३ साली गेले, त्यांचे काम पुढे चालू राहिले.

पाबळच्या अभ्यासक्रमात यंत्रकाम, वीज व पर्यावरण, शेती आणि पशुपालन यांच्या जोडीला गृह आणि आरोग्य हाही एक विभाग आहे. जो मुलगा वायरिंग शिकतो तोच रक्तगट आणि आहारही शिकतो. शिवाय मुले जे बनवतात ते कुणाच्या तरी उपयोगाचे असावे, यावर तिथे भर असतो. काम वापरणाऱ्याच्या हाती द्यायचे म्हटले की झाकण, अर्थिंग आणि सफाई टाळता येत नाही. घरच्या कारागिरांनीही हेच धोरण ठेवावे. 'टायमर करतो' असे म्हणण्यापेक्षा 'आजीला हात लावता येईल असा टायमर करतो' असे म्हटले, की काम कधी संपले ते आपोआप कळते.

आणि आपल्या रिद्धपूरला तर पूर्णत्वाचा धडा बाहेरून आणायची गरजच नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच गावात लीळाचरित्र सिद्ध केले. नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या, एवढ्यावर त्यांना थांबता आले असते. पण ज्यांच्या ज्यांच्याशी प्रसंग घडला होता, त्यांना गाठून त्यांनी एकेक गोष्ट पडताळून घेतली. पायी हिंडायचे दिवस होते ते. शेवटची खातरजमा हाच कामाचा मुख्य भाग असतो, हे ज्या गावाने पाहिले, त्या गावच्या पोरांनी उघडा बोर्ड सुतळीने लटकवू नये.

हौशी कारागिरांसाठी पाच गोष्टी

१. डबा आधी आणावा, सर्किट नंतर. डबा समोर असला की त्यात बसेल एवढेच काम आपण हाती घेतो.

२. 'काम संपले' म्हणजे काय, ते सुरू करण्याआधी चार ओळींत लिहावे. त्यात झाकण, अर्थिंग, तारेची पकड आणि फ्यूज असलाच पाहिजे.

३. एका वेळी दोनपेक्षा जास्त कामे उघडी ठेवू नयेत. तिसरे सुचले तर वहीत लिहून ठेवावे.

४. रात्री झोप येत असताना २३० व्होल्टच्या कामाला हात लावू नये. नवशिक्याने बॅटरीवरचीच कामे करावीत. मुख्य लाइनचे काम जाणत्या वायरमनला दाखवून घ्यावे.

५. जे काम सहा महिने हलले नाही, ते सरळ मोडावे. भाग सुटे करून डब्यात भरावेत, सेल मुलांपासून दूर कुलपात ठेवावेत. सोडून दिलेले काम हेही संपलेलेच काम असते.

शॉक लागलाच तर

माणूस तारेला चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करावी, स्वतः कोरड्या जागी उभे राहावे. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नये. तोंडात पाणी घालू नये, जमिनीत पुरू नये.

सोल्डरने भाजले तर २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. शॉक लागून क्षणभर शुद्ध गेली असेल, छातीत धडधड होत असेल किंवा कातडीवर भाजल्याचा डाग असेल, तर माणूस चालता-बोलता असला तरी ईसीजी करून घ्यावा. गरोदर बाईला शॉक लागला तर तिची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

घरच्या इंजिनिअरला रागावून त्याची हौस मारू नका, असे मी आई-बापांना नेहमी सांगतो. हाताने काहीतरी बनवणारे पोर हे घराचे भाग्य आहे. त्याला एक डबा आणून द्या, एक चांगला टेप आणून द्या, आणि काम झाले म्हणाला की झाकण कुठे आहे ते विचारा. येत्या रविवारी घरात एक चक्कर मारा. उघडी तार, लटकता होल्डर, दोन पिनांवर चालणारा कुलर, जे दिसेल त्यातले एक तरी काम संध्याकाळपर्यंत पुरे करून घ्या.